दापोली ते मसूर: शाळेच्या वाटेने पाच दिवस

जुनी शाळा बघायला गेलेली माणसं साधारणपणे फाटकासमोर उभी राहतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. इमारत बघायला दहा मिनिटं पुरतात. वेळ लागतो तो दोन गोष्टींना: शाळेपर्यंतची वाट आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटातलं जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांची नोंदवही. मूल कुठून चालत यायचं हे वाटेवर कळतं, आणि दारात आल्यावर त्याला काय विचारलं जायचं ते रजिस्टरात दिसतं. हा पाच दिवसांचा फेरा त्या दोन गोष्टींसाठी आहे. सुरुवात दापोली तालुक्यात, शेवट कराड तालुक्यातल्या मसूर स्टेशनवर. वाटेत तीन मुलं भेटतात. पालगडचा पांडुरंग सदाशिव साने, मुरुडचा धोंडो केशव कर्वे आणि साताऱ्याच्या शाळेतला भिवा रामजी आंबेडकर. पुढे ते कोण झाले हे सगळ्यांना माहीत आहे. इथे ते फक्त शाळेची मुलं आहेत.

निघण्याआधी

सगळ्यात जास्त गडबड होते ती तारखेची. ७ नोव्हेंबर हा राज्यात विद्यार्थी दिवस. १९०० साली त्या तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं गेलं. साहजिकच त्या दिवशी साताऱ्यात असावं असं वाटतं. पण हा आठवडा पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीला लागून येतो. कार्यक्रम होतो, गर्दी होते, वर्ग मात्र रिकामे असतात आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते कारकून गावी गेलेले असतात. वर्ग भरलेला बघायचा असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा उत्तरार्ध बरा. मधल्या दिवसांत स्नेहसंमेलनं आणि सहली असतात, आणि फेब्रुवारी लागला की परीक्षांची धावपळ. शनिवारी शाळा सकाळची, म्हणजे अकरानंतर पोचलात तर कुलूप दिसणार.

मुख्याध्यापकांना आठ-दहा दिवस आधी साध्या कागदावर अर्ज पाठवावा. कोण येणार, कशासाठी, काय बघायचं आहे आणि फोटो काढायचे आहेत का, एवढं पुरे. ‘शाळेला भेट’ असं मोघम लिहिलं तर मोघमच उत्तर येतं. ‘अमुक सालचं रजिस्टर, फक्त बघण्यासाठी’ असं लिहिलं तर ते काढून ठेवलेलं असण्याची शक्यता वाढते. जिल्हा परिषदेच्या शाळेत काही वेळा गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणायला सांगतात. त्यात अडवणूक नाही, ती रीत आहे. एक दिवस हातचा ठेवावा.

पिशवीत शिसपेन्सिल (रजिस्टराजवळ शाईचं पेन काढूच नये), कोरडं सुती फडकं, भिंग, छोटी बॅटरी आणि पाण्याची बाटली. बाटलीचं महत्त्व शेवटच्या दिवशी कळेल.

पहिला दिवस: पालगड आणि दापोली

कोकण रेल्वेने खेडला उतरून एसटीने दापोली गाठायची आणि मुक्काम तिथेच ठेवायचा. दापोली तालुक्याचं गाव असल्याने पालगड, मुरुड, आसूद, मुर्डी सगळीकडे जायला गाड्या इथूनच सुटतात. पालगडला सकाळच्या पहिल्या गाडीने जावं. आतल्या गावांच्या फेऱ्या विरळ असतात, तेव्हा परतीची वेळ उतरल्या उतरल्या वाहकालाच विचारून घ्यायची.

पालगडला साने गुरुजींचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. २४ डिसेंबर १८९९ हा त्यांचा जन्मदिवस. घर बघून झाल्यावर मुद्दाम जमिनीकडे बघावं. कोकणातली जुनी मराठी शाळा याच पद्धतीची असे: जांभ्या चिऱ्याची भिंत, वर कौलं, पुढे पडवी आणि चोपून सारवलेली जमीन. बाक नव्हते. मुलं जमिनीवर ओळीने बसत, गुरुजींसमोर उतरतं मेज असे. म्हणून शाळेचं सारवण हे अभ्यासाइतकंच नेमाचं काम होतं आणि ते मुलांकडेच असे.

सारवण सोपं वाटतं, पण बिघडायला वेळ लागत नाही. घमेलंभर ताजं शेण, त्यात चाळलेली तांबडी माती मूठ-दोन मूठ, आणि पाणी इतकंच की काला पातळ पिठल्यासारखा ओघळेल. जमीन आधी झाडून तिच्यावर पाण्याचा हबका मारायचा. हा हबका विसरला तर खालचा कोरडा थर वरच्या थरातलं पाणी शोषून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पापुद्रे उचलतात. हात दाराच्या समोरच्या कोपऱ्यातून सुरू करून दाराकडे मागे सरकत आणायचा, अर्धगोल फिरवत. काला जाड झाला तर भेगा पडतात, पातळ झाला तर दोन दिवसांत धूळ. शेणातल्या न पचलेल्या गवताच्या काड्या माती धरून ठेवतात, त्यामुळे शिळं, कुजलेलं शेण चालत नाही. कोकणात आषाढ-श्रावणात सारवण वाळतच नाही. ओल राहते, पाटीची पिशवी खाली ठेवली की तळ काळा होतो. घरून बसायला गोणपाटाचा तुकडा आणायची चाल पडली ती म्हणूनही. या गोणपाटाला साताऱ्यात वेगळाच अर्थ आहे, तो पुढे येईल.

फळ्याचंही तसंच. लाकडी फळा वर्षा-दोन वर्षांनी पांढुरका पडतो आणि त्यावरचं अक्षर उन्हात दिसेनासं होतं. मग कोळशाची वस्त्रगाळ पूड किंवा बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड, एखाद्या वेलाच्या पाल्याच्या चिकट रसात कालवून फळ्यावर चोळत. एका दिशेने चोळायचं, मग पूर्ण वाळू द्यायचं, मग पुन्हा एक हात. पहिला हात ओला असताना दुसरा दिला की पोपडे धरतात. तेलकट कोळसा घेतला तर खडूच उठत नाही.

दुपारी दापोलीत परत. इथली जुनी मिशन शाळा आज आल्फ्रेड गॅडने हायस्कूल, लोकांच्या तोंडी ए. जी. हायस्कूल, या नावाने ओळखली जाते. पांडुरंग साने इथे शिकला. त्याच्या आधी पांडुरंग वामन काणेही इथेच होते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे आणि १९६३ साली भारतरत्न झालेले हे काणे इथून १८९७ साली मॅट्रिक झाले. गावात बोलताना मात्र साने गुरुजीच जास्त येतात, आणि त्याचं कारण वाट हेच आहे. शनिवारी शाळा सुटली की मुलगा दापोलीहून पालगडला पायी घरी जाई. आज डांबरी रस्त्याने गाडी जाते तिथून चालून बघण्यात अर्थ नाही, रहदारी फार. पालगडच्या अलीकडे एखादी गाडीवाट विचारून घ्यावी आणि तासभर चालावं, पाठीवर तीनचार किलोचं ओझं घेऊन. मोठं माणूस चढउताराच्या वाटेवर तासाला चार किलोमीटर जातं, दहा-बारा वर्षांचं मूल तीन. घड्याळ लावून चाललं की शनिवारी दुपारी निघालेला मुलगा दिवेलागणीला का पोचायचा ते आपोआप कळतं.

पुढे घरच्या ओढगस्तीमुळे त्याने दापोली सोडून औंध संस्थान गाठलं. तिथे शिक्षण कमी खर्चात होईल ही आशा होती. जुन्या रजिस्टरांत आणि फीच्या वह्यांत एक शब्द सारखा भेटतो: नादारी. फी माफ झालेला विद्यार्थी नादार. नादारी मिळायला गावच्या मोठ्या माणसाचा दाखला लागे आणि वर्गात नाव पुकारलं जाई, तेव्हा ती घेणाऱ्या मुलाला नादारीचा दिवस पक्का लक्षात राही. साने गुरुजी १९२४ साली अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. मुलांच्या खोल्या झाडून ठेवत, त्यांचे कपडे धूत. १९३० साली ते सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. जेमतेम सहा वर्षांची मास्तरकी, पण नावामागे ‘गुरुजी’ कायमचं चिकटलं. मराठी शाळेत गुरुजी आणि इंग्रजी शाळेत मास्तर, नंतर सर, अशी तेव्हाची साधारण वाटणी होती. हायस्कूलच्या मास्तरांना गुरुजी म्हटलं जाणं ही तशी बढतीच.

एक दिवस जास्त असेल तर मंडणगड तालुक्यातलं आंबडवे गाठावं. आंबेडकर हे नाव ज्या गावावरून आलं ते हे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीतच राहिले होते. दापोलीला ‘कॅम्प’ म्हणतात तो इंग्रजांच्या छावणीवरून, आणि पेन्शनर शिपायांची वस्ती इथे मोठी होती.

दुसरा दिवस: मुरुड

दापोलीहून आसूदमार्गे मुरुड. हे हर्णैजवळचं मुरुड, जंजिऱ्याचं नव्हे. गाडीत बसताना हे एकदा बोलून घ्यावं, पर्यटकांची इथे हमखास गल्लत होते. समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्यांची गर्दी टाळून आधी दुर्गादेवीचं देऊळ गाठावं. कोरीव लाकडी खांबांचं हे देऊळ धोंडोच्या लहानपणी गावाचं वाचनालयही होतं. शाळेतले सोमण गुरुजी गावाच्या उठाठेवी करणारे, आणि मुलाने देवळात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं हे त्यांचंच वळण. ऐकायला गाव जमे. अक्षरओळख झालेल्या मुलाचा गावाला असा रोख उपयोग होता, त्यामुळे एका दमात, न अडखळता वाचणं हे वर्गातल्या वाचनापेक्षा इथे जास्त घोटून व्हायचं.

मुरुड आणि शेजारचं मुर्डी ही गणिताची गावं म्हणायला हरकत नाही. कर्वे १८९१ ते १९१४ फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांच्या नात्यातले मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, असे पहिलेच भारतीय. दोघांचा पाया मराठी शाळेतल्या पाढ्यांवर होता. म्हणून इथल्या पडवीत बसून उजळणीबद्दल थोडं.

संध्याकाळी शाळा सुटण्याआधी सगळी शाळा उभी राहून पाढे म्हणे. एक मुलगा सांगे, बाकीचे ओढत. बे ते तीस एवढ्यावर भागत नसे. त्यानंतर अपूर्णांकांचे पाढे: पावकी म्हणजे पावपट, निमकी निमपट, पाऊणकी पाऊणपट, सवायकी सव्वापट, दीडकी, अडीचकी, आणि सगळ्यात अवघड औटकी, म्हणजे साडेतीनपट. पाच अडीच साडेबारा. सात औट साडेचोवीस. यात चलाखी दाखवण्याचा भाग नव्हता, बाजाराची गरज होती. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै, मणाचे ४० शेर. अडीच आण्याला शेर असलेली वस्तू साडेतीन शेर घेतली तर किती, हे पाटी न घेता सांगता यायला हवं. सांगायचं तर पावणेनऊ आणे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि औटकीचं कामच संपलं. पाठांतराचा जाच म्हणून ती गेली असं सांगितलं जातं, ते पुरतं खरं नाही. जे मापायचं होतं तेच बदललं.

गावात सत्तरी-ऐंशीच्या पुढचं कोणी भेटलं तर ‘पाढे येतात का’ असं विचारू नये, परीक्षा घेतल्यासारखं होतं. आपणच ‘एक औट साडेतीन’ म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं त्यांच्या तोंडून आपसूक येतं, तेही चालीवर. साधारण सहा औट एकवीसच्या आसपास गाडी अडखळते.

अक्षराबद्दलही विचारावं. पाटीवर पेन्सिल, कित्त्यावर बोरू. बोरू करताना पेराच्या पुढे बोटभर जागा सोडून तिरपा छेद घेत, मग टोक नखावर दाबून मधोमध बारीक चीर. चीर लांब झाली की शाई एकदम ओघळते आणि ठिपका पडतो, आखूड राहिली तर उतरतच नाही. टोकाची तिरपी बाजू चुकीच्या अंगाला आली तर देवनागरीचा उभा दंड बारीक आणि आडवी शिरोरेघ जाड येते, अक्षर उलटं दिसतं. शाई पुडीची, कोमट पाण्यात विरघळवलेली. पावसाळ्यात दौतीत बुरशीचा तवंग येई, म्हणून त्या दिवसांत थोडीच करायची.

दुपारी निघून दापोली, खेड, परशुराम घाट असं चिपळूण. घाटातलं परशुराम आणि शेजारचं पेढे हे काण्यांचं जन्मठिकाण, गाडीतूनच दिसून जातं. चिपळूणला मुक्काम.

तिसरा दिवस: कुंभार्ली

हा दिवस नुसता रस्त्याचा आहे आणि तरी सगळ्यात महत्त्वाचा.

१८७५ साली मुरुडच्या धोंडोला सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं. ती पास झाली की मराठी शाळेत शिक्षक होता येई. मुंबईला जाणारी बोट खराब हवेमुळे मिळेना. दुसरं केंद्र सातारा. तेव्हा तो सोबत्यांबरोबर पायी निघाला, पावसाळ्याच्या दिवसांत, कुंभार्ली घाट चढून. शंभराहून जास्त मैल. आजच्या रस्त्याने मुरुड ते सातारा पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर भरतं. रोज चाळीस किलोमीटर तोडले तरी साडेचार-पाच दिवस, आणि वेळेत पोचायचं म्हणून त्याहून जास्तच चालावं लागलं असणार.

साताऱ्याला पोचल्यावर परीक्षा समितीसमोर उभा राहिला. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता. वय भरलं होतं, पण दिसायला मुलगा लहानखुरा. सतराचा वाटत नाही, म्हणून त्याला बसू दिलं नाही. आल्या वाटेने परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तो ती परीक्षा पास झाला. हाच माणूस पुढे शंभरी ओलांडून जगला, १९५८ साली भारतरत्न झाला. वय दिसण्यावरून ठरवणाऱ्या समितीला यापेक्षा सज्जड उत्तर कुणी दिलं नसेल.

आता प्रवासाचं. चिपळूणहून कराडकडे जाणारी गाडी घाट चढून हेळवाक, कोयनानगर, पाटण असं जाते. साताऱ्यासाठी पाटणच्या पुढे उंब्रजमार्गे महामार्गाला लागता येतं. जून ते सप्टेंबर घाटात धुकं आणि दरडी, वाहतूक तासन्‌तास थांबते. त्या दिवसांत सकाळीच निघावं आणि खिडकी डोंगराच्या बाजूची घेऊ नये, ठिबकते. घाटमाथ्यावर उतरून मागे बघावं. खाली कोकण, पुढे देश. शाळेची इमारतही इथून बदलते. जांभा संपतो आणि काळा दगड सुरू होतो, लाल माती जाऊन पांढरी-काळी येते, आणि सारवणाचा रंगही हिरवट राखाडी दिसू लागतो.

कोयनेच्या खोऱ्यात मात्र जुन्या शाळा शोधत बसू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयनानगर आणि आसपासची दगडमातीची बांधकामं पडली. काही गावं त्याआधीच धरणाच्या पाण्याखाली गेली होती. इथे शाळा माणसांच्या सांगण्यातच उरलेली असते.

मग सांगणं नीट घ्यायला हवं. निवृत्त गुरुजी किंवा बाई भेटल्या तर दुपारी चारनंतर जावं, वामकुक्षी झालेली असते. ‘शाळेच्या आठवणी सांगा’ म्हटलं की भाषण सुरू होतं: मुलं गुणी होती, पालक आदर करायचे. ते लिहून घेऊन काही हाती लागत नाही. त्याऐवजी लहान प्रश्न विचारावेत. घंटा कशाची होती? (रेल्वेच्या रुळाचा तुकडा, हे उत्तर पुष्कळ ठिकाणी येतं.) ती कोण वाजवायचं? पिण्याचं पाणी कुठून यायचं, कोण भरायचं, आणि पहिल्यांदा कोण प्यायचं? एका खोलीत किती इयत्ता? दुसरीला गणित चालू असताना पहिली काय करायची? दिपोटी, म्हणजे तपासणीला येणारे साहेब, आले की कोणत्या मुलांना मागच्या ओळीत बसवायचे? या शेवटच्या प्रश्नाला आधी हसू येतं, मग खरं उत्तर.

ध्वनिमुद्रण करताना मोबाइल मेजावर नको, कप ठेवल्याचा आवाजही बंदुकीसारखा येतो. तो घडी घातलेल्या रुमालावर ठेवावा. वर्गाचा जुना फोटो निघाला तर नावं त्याच बैठकीत लिहून घ्यायची, ‘बसलेले, डावीकडून’ असं ओळीओळीने. फोटोच्या पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिलने, कडेला, अजिबात न दाबता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो. आणि सांगताना निघालेली मुलांची नावं, कोण नापास झालं, कोणी काय चोरलं, ती वहीतच राहू द्यावीत.

चौथा दिवस: सातारा

साताऱ्यात राजवाड्याजवळ उतरायचं. प्रतापसिंह हायस्कूल जुन्या राजवाड्यात भरे, आज ही जिल्हा परिषदेची शाळा आहे. बाबासाहेब इथे १९०० ते १९०४ शिकले. प्रवेश इंग्रजी पहिलीत. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली, म्हणजे आजच्या हिशेबाने पाचवी. रजिस्टरातला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. मूळ पान बघायला मिळेल की त्याची प्रत, हे मुख्याध्यापकांवर आहे आणि त्यांनी प्रत पुढे केली तर हट्ट करू नये. शंभर वर्षांपूर्वीचा कागद प्रत्येक उघडण्याला थोडा तुटतो.

जनरल रजिस्टर ही शाळेची कायम जपायची नोंद. रकाने साधारण असे: अनुक्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण. रजिस्टर वाचायची युक्ती म्हणजे डावीकडून वाचायचं नाही, शेवटच्या रकान्यापासून उलट यायचं. ‘कारण’ या रकान्यात गावाचा इतिहास असतो: बदली, प्लेग, गैरहजर, लग्न.

जन्मतारखेच्या रकान्यावर मात्र फार विसंबू नये. जुन्या रजिस्टरांत १ जून ही तारीख पानोपान दिसते. घरी नोंद नसे, आई ‘आखाडात झाला, मोठ्या पुराच्या साली’ एवढंच सांगे, आणि शाळा जूनमध्ये उघडे. गुरुजी पोराच्या दातांवरून, उंचीवरून अंदाज बांधत आणि १ जून लावून मोकळे होत. डावा हात डोक्यावरून उजव्या कानाला पोचतो का, ही तर पहिलीच्या प्रवेशाची सर्रास परीक्षा. कर्व्यांना दिसण्यावरून परत पाठवणारी समिती आणि कान पकडायला लावणारे गुरुजी, दोघांचं माप एकच. एक मूल बाहेर राहिलं, बाकीची आत आली.

आपल्याच जुन्या शाळेत स्वतःची नोंद शोधायची असेल तर हीच शिस्त. प्रवेशाचं वर्ष एक इकडे, एक तिकडे धरून तीन वर्षं बघायची. नाव घरचं की कागदावरचं हे आधी ठरवायचं. बंड्या, बाळू, ताई अशीही नावं रजिस्टरी चढलेली असतात. मुलींच्या बाबतीत माहेरचं नाव. फार जुनी पानं मोडीत असतात, तिथे मोडी वाचणारं माणूस सोबत लागतं, अंदाजाने वाचू नये, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि सगळा शब्द एका ओघात असतो. पान उलटताना बोट ओलं करायचं नाही. खालच्या कोपऱ्याला न धरता वरच्या कडेला हात घालून सावकाश उचलायचं. कसर लागलेल्या कागदात खालचा कोपराच आधी जातो. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड पुरतो. आणि दाखल्याची दुसरी प्रत हवी असेल तर शाळा अर्जासोबत प्रतिज्ञापत्र मागू शकते, ते साताऱ्यात नव्हे तर आपल्या गावी करून आणलेलं बरं.

रजिस्टरात जे लिहिलेलं नाही ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गात त्यांना वेगळं, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावं लागे. तो तुकडा शाळेचा झाडूवाला शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने सोडलं तर पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. पालगडच्या ओल्या जमिनीवरचं गोणपाट सोय होती. तेच कापड इथे भिंत झालं.

त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्यातली भाजीभाकरी या मुलाला देत. या गुरुजींची आठवण बाबासाहेबांनी मोठेपणीही मायेने सांगितली आहे. शिपाई आणि गुरुजी, दोघं एकाच इमारतीत, एकाच पगारपत्रकावर. वर्गात उभं राहिलं की या दोन गोष्टी एकत्रच आठवाव्या लागतात, एकीने दुसरी पुसता येत नाही.

दुपारनंतर धनिणीची बाग. कर्मवीर भाऊराव पाटलांचं शाहू बोर्डिंग इथलं. साताऱ्यात बोर्डिंग १९२४ ला सुरू झालं, आणि २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, एका विहिरीचं पाणी पीत. भिवा शाळेत होता तिथून हे ठिकाण चालत जाण्यासारखं आहे आणि मधलं अंतर पंचवीस वर्षांचं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य फलकावर वाचताना त्यामागचा स्वयंपाकघराचा हिशेब लक्षात ठेवावा. फी नाही, मुलांनी रोज ठरलेलं काम करायचं, शेत, दळण, स्वयंपाक, बांधकाम. अशी व्यवस्था एका गोष्टीने मोडते: मोठी मुलं काम लहानांवर ढकलतात. म्हणून कामाच्या पाळ्या ठरवून वाटून द्याव्या लागतात आणि पाळीवर लक्ष ठेवणारं माणूस मुलांसोबतच राहावं लागतं.

पाचवा दिवस: काले आणि मसूर

सकाळी कराड, तिथून काले. ४ ऑक्टोबर १९१९ ला भाऊरावांची रयत शिक्षण संस्था इथे सुरू झाली. बघायला तासभर पुरतो. तिथून परत कराडला येऊन मसूर.

मसूर हे पुणे-मिरज मार्गावरचं छोटं स्टेशन. सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून रेल्वेने यायचं तर पॅसेंजरची वेळ आदल्या रात्री बघून ठेवावी. नाहीतर कराडहून रस्त्याने यावं.

१९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याच्या शाळेतला तो मुलगा भाऊ आणि भाच्यांबरोबर इथे उतरला. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला तलावाच्या कामावर रोखपाल होते, दुष्काळी कामं चालू होती. मुलांनी नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं घातली होती. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, घ्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली, आणि मुलांनी जात सांगताच ते आपल्या खोलीत निघून गेले. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर बैलगाडी ठरली. निघेपर्यंत संध्याकाळ. डब्यात जेवण भरपूर होतं. वाटेत नदीत पाणी होतं ते शेणाचिखलाचं. पुढे टोलनाक्यावर पाणी मागितलं, मिळालं नाही. भरल्या डब्याशेजारी मुलं उपाशी झोपली, कारण घास उतरायला पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गोरेगाव आलं.

स्टेशनच्या बाहेर पडून खटावच्या दिशेने जाणारा रस्ता विचारावा आणि त्यावर दोन-तीन किलोमीटर चालावं, जमल्यास एप्रिल-मेमध्ये, संध्याकाळी साडेसहानंतर. त्या ऋतूत हवा तेव्हाही कोरडीच असते. चालताना बाटली पिशवीतच राहू द्यावी. परतीची गाडी चुकवायची नसेल तर अंधार पडायच्या आत फिरावं. स्टेशनवर परत येऊन, बाकावर बसून मग बाटली उघडावी.